मावशींचा अंगठा

रुग्णालयाच्या धुलाईघरात मावशींची बावीस वर्षं गेली. चादरीवर कसलाही डाग असो, त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. पण दारात हजेरीचं यंत्र बसलं आणि मावशींचे ग्रह फिरले. काचेवर अंगठा टेकवला की हिरवा दिवा लागायचा, म्हणजे माणूस हजर. मावशींनी टेकवला की लाल. बाई समोर धडधाकट उभी, आणि ते भिंतीवरचं डबडं म्हणतं, आलीच नाही!

साबणसोड्याच्या पाण्यानं मावशींच्या हातांना इसब झालं होतं. सालं निघून बोटं गुळगुळीत झाली होती, मधे मधे भेगा. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं होतं, पण मलमाचं बोट काचेवर घसरतं. तेव्हा मावशींनी मलमच बंद केलं. भेगा वाढल्या. घरी लेकीनं विचारलं की हात पाठीमागे जायचे. दिवसभर राबूनही तीन गैरहजेऱ्या लागल्या, आणि चौथीला काम सुटेल, अशी चिठ्ठी हातात पडली.

चौथ्या दिवशी सकाळी मावशींनी अंगठा टेकवला. लाल. पुसून पुन्हा टेकवला. लाल. मागून शेजारच्या टाकीवर धुणारी चिमणी (तोंडाला खळ नाही म्हणून हे नाव) म्हणाली, यंत्राला काहीतरी चारा. कुणी हसलं नाही.

"दाबून धरा हो जरा," म्हणत तरण्या मुकादमानं त्यांचा अंगठा धरून काचेवर दाबला. भेग उलली. काचेवर रक्त आलं.

मावशींनी आधी बाहीनं काच पुसली. "खराब झाली," त्या ओशाळून म्हणाल्या.

मुकादमानं हात सोडला नाही. उलटासुलटा करून पाहिला. औषध घेत नाही का, असं त्यानं हळूच विचारलं.

"मलम लावलं की घसरतं ना. म्हणून सोडलं."

पोराचा चेहरा उतरला. त्यानं कपाटातून जुनी हजेरीवही काढली, धूळ झटकली आणि मावशींपुढे उघडून धरली. उद्यापासून मलम लावून यायचं, सही इथं करायची, वर काय सांगायचं ते तो बघेल. मावशींनी कशीबशी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं.

त्या बाजूला झाल्या तरी चिमणी यंत्राकडे गेली नाही. ती वहीपाशी आली आणि तिनं खिशातला हात बाहेर काढला. चारही बोटं सोललेली होती.

"अंगठा तेवढा पाण्याबाहेर ठेवते मी, मावशी," ती म्हणाली.