समदचा फेरन

दगड मारणारी पोरं चौकात होती, पण पोलिसांनी अश्रुधुराचं नळकांडं टाकलं ते श्रीनगरच्या त्या अरुंद गल्लीत. भट्टीवरून रोटी घेऊन परतणारी साजा त्यात सापडली. ठसकत ती घरी आली, दार लावलं आणि गारठा म्हणून अंगातल्या घोळदार लोकरी फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेतली. जरा ऊब लागते न लागते तोच तिचा दमा उसळला. खिडक्यांच्या फटींत तिने चिंध्या कोंबल्या, तरी श्वास मिळेना.

खोकला ऐकून शेजारची मुगली आत आली आणि डोळे चोळत ओरडली, "पोरं चौकात अन् नळकांडी आपल्या दारात, नेम बरा आहे मेल्यांचा! अगं साजा देद, धूर बाहेर काय शोधतेस? अंगावर घेऊन बसलीस की! त्याची बारीक पूड कापडात बसते, कांगडीनं तापली की पुन्हा उडते. काढ तो फेरन, धुवायला टाक."

"हा धुवायचा नाही."

"नवऱ्याचा आहे, ठाऊक आहे मला. त्याच्याकडे जायची इतकी घाई झालीय होय?"

साजाने फेरन उतरवला. समद गेल्यापासून तिने त्या फेरनला पाणी लावलं नव्हतं. गळपट्टीत त्याच्या तंबाखूचा आणि घामाचा वास होता. मुगली गेल्यावर तिने एकदाच ती गळपट्टी नाकाशी नेली. मिरचीसारखा जाळ मस्तकात गेला. त्याखाली समद कुठेच नव्हता.

तिने बादलीत पाणी ओतलं.