इत्तायच्या टाचेतला खिळा

मित्रांनो, वीतभर लांबीचा, गंजून काळा पडलेला लोखंडी खिळा आहे मी. लोद गावच्या हनीना लोहाराने मला घडवलं, तेव्हा माझं टोक बोटावर टेकवून तो म्हणाला होता, हा चांगल्या घराच्या दाराला शोभेल. मलाही तेच वाटत होतं. पण रोमी शिपाई आले आणि टोपलीभर खिळे उचलून घेऊन गेले.

मग मला कळलं, क्रूस म्हणजे काय. ही शिक्षा गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती. नुसता जीवच घ्यायचा असता तर तलवार होतीच की. पण माणूस वेशीबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, उघडानागडा, दिवसचे दिवस तळमळत मरायला हवा होता. म्हणजे बघणारा घरी जाऊन आपल्या पोरांना गप्प बसवेल. पुष्कळांना तर मातीही मिळत नसे. काम झालं की मला उपटत, ठोकून सरळ करत आणि पुन्हा टोपलीत टाकत. शिपाई माझ्या मजबुतीचं कौतुक करत. असलं कौतुक कुणाच्या वाट्याला येऊ नये.

शेवटचा माणूस इत्ताय. मला त्याच्या टाचेतून लाकडात ठोकलं होतं. बंडखोरांना भाकरी दिली, एवढाच त्याचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याची आई हमूताल अधिकाऱ्याच्या पाया पडून प्रेत न्यायची परवानगी घेऊन आली. तिच्या धर्माप्रमाणे टांगलेलं प्रेत दिवस मावळायच्या आत मातीआड व्हायला हवं होतं. आणि सूर्य तर डोंगराला टेकला होता.

तिथेच शप्पीरा उभी होती, खांद्यावर तापाने फणफणलेलं तान्हं घेऊन. क्रूसावरचा खिळा गळ्यात बांधला की ताप उतरतो, असं तिकडच्या बाया मानत. पनीरच्या एका गोळ्याच्या बदल्यात शिपाई रूफोने मला तिला द्यायचं कबूल केलं होतं.

रूफोने पकड लावली. मी निघेना. जैतुनाच्या लाकडातल्या गाठीवर आपटून माझं टोक गळासारखं वळलं होतं. त्याने दोनदा हिसडा दिला, शिवी हासडली आणि कुऱ्हाड उचलली.

"पाय घोट्यातून तोडतो. हिला खिळा, तुला पोरगा. मलाही जेवायला जायचंय."

हमूतालने दोन्ही हातांनी तो पाय धरला. "आधी माझे हात तोड."

रूफो शप्पीराकडे वळला. "बोल बाई, माल तुझा आहे. तोडू?"

शप्पीराने बाळाच्या कपाळाला गाल लावला. कपाळ तव्यासारखं तापलेलं होतं. उजेड घटत चालला होता.

"लाकूड तोड," अखेर ती म्हणाली. "खिळा राहू दे त्याच्यापाशी. पनीर ठेव तुलाच."

"आणि पोर?"

"त्याचं मी बघेन."

कुऱ्हाड लाकडावर पडली. ढलपीसकट मी टाचेतच राहिलो. प्रेताला लागलेले हात हमूतालने बाळापासून दूर धरले आणि लांबूनच सांगितलं, "पाणी पाजत राहा गं पोरी. थेंबथेंब का होईना, पण थांबू नकोस."

उजेड होता तोवर आम्ही दफनाच्या गुहेत पोहोचलो. वर्षभराने, तिथल्या रिवाजाप्रमाणे, हमूतालने लेकाची हाडं दगडी पेटीत ठेवली, मीही त्यांच्यासोबत गेलो. त्या तान्ह्याचा ताप उतरला का, ते मला कधीच कळलं नाही.

मित्रांनो, पुढेमागे कुणी ही पेटी उघडली, तर मला या टाचेपासून वेगळं करू नका. तेवढ्यासाठी दोन आया सूर्य बुडत असताना झगडल्या आहेत.