पायाखालचं सूप

"सुपाले पाय नोको लावू वो पोरी! लक्षुमी हाय ते!"

किती वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज. तेव्हा मी कुरखेड्याजवळच्या एका परसात, बांबूच्या बेटातला कोवळा कोंब होते. शाळेतून धावत आलेली रंजीता अंगणातल्या सुपावरून उडी मारायला निघाली, आणि सुपं विणणारी तिची आई, रुखमाबाई, ओरडली. रंजीतानं सुपाला हात लावला, कपाळाला टेकवला. मीही वाऱ्याबरोबर जरा वाकले.

मित्रांनो, आज मी एक जुनी पायसुपली आहे. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. भुसभुशीत बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो, म्हणून पायाखाली रुंद जाळीची चप्पल बांधतात. ती मी. माझी एक जोडीदारीण आहे. आम्ही दोघी एकाच बांबूच्या.

रंजीता मोठी झाली. हिमालयात जाऊन डोंगर चढायला शिकली. एका हिवाळ्यात ती घरी आली ती हट्ट घेऊनच. बर्फातलं एक शिखर तिला एकटीनं चढायचं होतं, आणि तेही आईच्या हातच्या विणीवर. तिनं मोबाइलवर अशा चपलांचा फोटो दाखवला.

"एवढाली भोकं?" रुखमाबाई म्हणाली. "दाने सांडन ना यातून."

"बरफ सांडालेच पाह्यजे, आई. नाई तं पाय जड होते."

"मंजे सूपच झालं ना हे. अन् त्याच्यावर पाय ठेवशीन?"

कुंपणापलीकडून शेजारचे पत्रूभाऊ हसले. "रुखमाबाई, तुमी जनमभर डोक्यावर सुपं नेली, पोरगी पायात नेऊन राह्यली. पायसुपली म्हना!"

नाव मला चिकटलं. रुखमाबाई मात्र हसली नाही. तिनं बांबू तोडला, कामट्या काढल्या, धगीवर हळूहळू वाकवल्या. विणताना ती गुणगुणायची,

बांबू बाई वाकते, धग थोडी लागता,
मन नाई वाकत, लेक दूर जाता.

माप तिनं रंजीताच्या जुन्या चपलेवरून घेतलं. पायात घालून पाहू दिलं नाही. विणून झाल्यावर आम्हाला फडक्यात गुंडाळलं, पिशवीवर ठेवलं आणि ती आत निघून गेली. 'ठेव पाय' एवढंच रंजीताला ऐकायचं होतं. ती उंबऱ्याशी थांबली, थांबली, आणि तशीच निघाली.

पहिल्या पांढऱ्या उतारावर तिनं आम्हाला खाली ठेवलं. आसपास कुणी नव्हतं. तिनं मला हात लावून कपाळाला टेकवला, मग पाय ठेवला. हळूहळू सगळा भार टाकला. पण आम्ही रुतलो नाही. बर्फ जाळीतून कोंड्यासारखा झरत होता, आणि भातरोवणीच्या चिखलाच्या बांधीत वाढलेली ती पोर तोल सांभाळत वर वर जात राहिली.

पुढे उभा खडक आला. तिनं आम्हाला पाठीवर बांधलं आणि हातापायांनी चढू लागली. धारेवर पोचते तोच वारा सुटला. भोकं असली तरी मी सुपाचीच जात; वाऱ्यानं मला धरलं आणि तिला दरीकडे ओढलं. बोटं सुटायला आली. तेवढ्यात तिच्या तोंडून आईचेच शब्द आले. डोक्यावर सुपांची चळत घेऊन बाजाराला निघाल्यावर रुखमाबाई लेकीला नेहमी सांगायची, "वाऱ्याले तोंड नोको दाखवू, कड दाखव." रंजीता अंग चोरून आडवी वळली. वारा माझ्या कडेवरून सरकन निघून गेला.

शिखरावर तिनं आम्हाला बर्फात उभं रोवलं आणि एकटीच खळखळून हसली.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. रुखमाबाईनं ऐकलं, डोळे पुसले, आणि आम्हाला देवाशेजारी खुंटीला टांगलं. हळदीकुंकू लावलं. गाव पाहायला आलं, कौतुक झालं. पण मित्रांनो, पूजेनं बांबू जगत नाही. चुलीच्या धुरानं मी काळवंडले, उंदरांनी माझे बंद कुरतडले. देवाजवळ होते, तरी कामावाचून वाळत होते. वस्तू जपायची म्हणजे नुसती टांगून ठेवायची नाही. तुटली तर सांधा, आणि तिचं काम तिला करू द्या.

या हिवाळ्यात रंजीता पुन्हा निघाली, आणखी उंच. या वेळी रुखमाबाईनंच आम्हाला खाली काढलं, भिजवलं, मोडक्या कामट्या बदलल्या, नवे बंद ओवले. सकाळच्या उन्हात आम्ही अंगणात पडून होतो. रंजीता आम्हाला फडक्यात गुंडाळायला वाकली, तर आईनं तिचा हात धरला.

मग रुखमाबाई खाली बसली. मला हात लावून तिनं कपाळाला टेकवला. लेकीचा घोटा हळूच धरला आणि माझ्यावर आणला.

"ठेव पाय, बाई," ती म्हणाली. "लक्षुमीच हाय ते. पडू नाई देनार तुले."