स्ट्रुअनच्या बंदुका

आमच्या डोंगराळ इस्टेटीवर शिकारीच्या ग्राउस पक्ष्यांची राखण स्ट्रुअन गेडिसकडे होती. बायको इशबेल वसंतात वारली, तरी तो रोज माळावर जायचा. मी त्याच्या हाकाऱ्यांतली, शिकारीत पक्षी उठवणारी, आणि शेजारीणही. मला दिसत होतं, माणूस आतून वाळत चाललाय.

झोप लागेना म्हणून तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. जीव नकोसा वाटतो का, असं त्यांनी विचारलं. स्ट्रुअनला खोटं बोलणं जमायचं नाही. हो म्हणाला.

बंदुकीचा परवाना असलेल्या माणसाचं असं काही कळलं की ते पोलिसांपर्यंत जातं. आमच्या गावचा पोलीस म्हणजे फर्गस, इशबेलचा धाकटा भाऊ. दुसऱ्या कुणाला पाठवू नका, बंदुका जमा करायला मीच जातो, असं त्यानं वरिष्ठांना सांगितलं.

तो आला तेव्हा मी स्ट्रुअनच्या स्वयंपाकघरात सूप गरम करत होते. स्ट्रुअननं मुकाट्यानं लोखंडी कपाट उघडलं, एकेक बंदूक पुसून टेबलावर ठेवली. शेवटची इशबेलची होती, हलकी, आखूड दस्त्याची. ती मात्र त्याच्या हातातून सुटेना.

"ही राहू दे," तो म्हणाला. "काडतुसं सगळी ने."

"नाही स्ट्रुअन. तीही दे."

"खरं बोललो, त्याची ही शिक्षा?"

फर्गसनं दस्त्याला हात घातला. मग म्हणाला, "बहिणीला खांदा दिलाय मी. तुला नाही देणार."

स्ट्रुअननं बंदूक सोडली. फर्गसनं ती लहान मूल घ्यावं तशी घेतली.

बंदुकीशिवाय पक्ष्यांवर टपलेले कोल्हे कोण आवरणार? इस्टेटीनं नवा माणूस आणला. घर नोकरीबरोबरचं होतं, तेही गेलं. फर्गसनं स्ट्रुअनला आपल्या मागच्या खोलीत आणलं.

ऑगस्टात शिकारीचा हंगाम उघडला. स्ट्रुअन आला आणि हातात पक्षी उठवायचा झेंडा घेऊन हाकाऱ्यांच्या रांगेत माझ्या शेजारी उभा राहिला. शिकारीला आलेल्या पाहुण्यांचा पहिला बार झाला, पक्षी पडला, आणि तो होता तिथेच झुडपात बसला. नवा राखणदार ओरडत होता, रांग तुटलीय म्हणून. मीही बसले.

"इशबेल आज पहाटेच उठली असती," एवढंच तो बोलला. मग रडला, तोंड झाकायचंही भान न ठेवता.

आज दोन वर्षं झाली. तो जेवतो, कुत्र्यांना फिरवतो, पण फर्गसशी एक शब्द बोललेला नाही. मी एकदा फर्गसला विचारलं, वाईट नाही वाटत?

"वाटतं ना," तो म्हणाला. "पण सकाळी चहाला समोर बसलेला असतो."