तांब्याची तार

"तार बदलली आहे तुम्ही, बापू. मी दिली होती ती ही नव्हे."

चिंतामणी गर्गे मास्तर हे बोलून गेले आणि अंगणातली कुजबूज थांबली. बोलणं संपताच त्यांना स्वतःलाही चरकल्यासारखं झालं. पण चार शेजारी ऐकून चुकले होते, आणि शब्द मागे घ्यायला जीभ वळेना.

मास्तर धारच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत. दोन वर्षं अर्ज करून १९२८ साली त्यांना बिनतारी यंत्राचा परवाना मिळाला होता. कळ दाबून टकटक करायची, आणि शेकडो कोसांवरच्या कुणा हौशी माणसाने ती ऐकून उलट टकटक करायची, एवढाच तो नाद. पण त्यासाठी घरावर उंच तार हवी. ती चढवायला देवासहून बापू मोहिते आले होते. फरासखान्यात तीस वर्षं संस्थानचे तंबू उभारलेला माणूस. त्यांनी दोन बल्ल्या रोवल्या, सहा तणावे ताणले, आणि वादळ झालं तरी तार जागची हलली नाही.

यंत्र मात्र महिनाभर मुकंच राहिलं. मास्तरांनी बॅटऱ्या बदलल्या, आतले काचेचे व्हॉल्व्ह बदलले, अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेला पत्रा उकरून पुन्हा पुरला. शेवटी तार तपासायला बापूंना परत बोलावलं. शेजारीही जमले. तेवढ्यात कृष्णराव, पेन्शनीत निघालेले तहसीलदार, हसत म्हणाले, "काय मास्तर, यंत्रानं मौन धरलंय की काय?" सगळे हसले. ते हसू मास्तरांना झोंबलं, आणि त्यांनी ते बापूंवर ढकललं.

बापू म्हणाले, "मास्तरसाब, ऐसी बात नका करू. तार उतरवतो. मोजा, कापून बघा, सबके सामने."

"आता कापून काय बघायचं? आत लोखंड, वर तांब्याचा मुलामा. मिळते बाजारात तसली."

बापूंनी एकेका शेजाऱ्याकडे पाहिलं. त्यांनी आपला दोर गुंडाळून खांद्यावर टाकला आणि जोडे हातात घेऊनच ते फाटकाबाहेर पडले.

चार दिवसांनी मास्तर खिडकीपाशी तार हाताळत होते. यंत्राकडे जाणारा तिथला जोड त्यांनी स्वतः दिलेला. तारेवर पातळ रोगण होतं. रोगणातून वीज जात नाही, ते खरवडल्याशिवाय जोड द्यायचा नाही, असं ते पोरांना वर्गात बजावून सांगत. त्यांनी ते खरवडलंच नव्हतं. चाकूने त्यांनी टोक कापलं. आतपर्यंत लख्ख तांबं.

जोड नीट बसवून संध्याकाळी कळ दाबली, तर कराचीहून उत्तर आलं. आवाज खणखणीत येतो म्हणून.

त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई दारात उभ्या होत्या. "बोललं का हो कुणी?"

"बोललं."

"मग तोंड असं का?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. नवऱ्याला उणं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी कंदील पेटवला. मग म्हणाल्या, "इंदूरची मोटर सकाळी सुटते. तिथून देवासची मिळेल."

बापू देवासला आपल्या अंगणात फाटकी कनात शिवत बसले होते. त्यांच्या सुनेनं, मालननं, पाण्याचा लोटा आणून ठेवला.

"माझी चूक झाली, बापू. तार अस्सल होती. जोड माझाच कच्चा होता." मास्तर वाकले, तसे बापूंनी पाय आखडून घेतले.

"यंत्र बोललं?"

"बोललं. कराचीशी."

"अच्छा झालं." बापूंनी सुई ओढली. "पण मास्तरसाब, तिथं चार माणसं होती. इथं मी आणि ही सून."

"चला तुम्ही धारला. मी सगळ्यांना बोलावून सांगतो."

"मी कशाला येऊ? मी काय केलंय?"

लोट्यातलं पाणी पिऊन मास्तर उठले.

धारला परतले ते तसेच कृष्णरावांकडे गेले. कृष्णरावांनी ऐकून घेतलं आणि पानाचा डबा पुढे सरकवला. "अहो, असल्या माणसांचं काय मनावर घेता! मी तर इथल्या फरासखान्याच्या कारभाऱ्यांना, उदाजीरावांना, तेव्हाच सांगून टाकलं, लग्नसराईच्या तंबूंना हा मोहिते नको म्हणून."

मास्तरांनी डबा बाजूला सारला. "मग आता उलटं सांगा."

"आता? आता त्यांनी दुसरा माणूस ठेवलासुद्धा. पान घ्या."

"कृष्णराव, चोरी झालीच नव्हती. चार माणसांत मी खोटं बोललो."

"बरं बरं," कृष्णराव म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले.

पान न घेता मास्तर खाली उतरले. आता ते उदाजीरावांकडे जाणारच होते. पण त्याआधी त्या दिवशी जमलेल्या आळीतल्या तीन शेजाऱ्यांच्या दारी जाऊन खरं सांगायचं होतं. शेजारच्या ओट्यावर चढून त्यांनी कडी वाजवली. आतून कुणीतरी "कोण आहे?" म्हणून विचारलं. मास्तरांनी आपलं संपूर्ण नाव सांगितलं.