आढ्यातली टकळी

आश्रुबाने भाकर दुधात कुस्करली, वाटी बायनाबाईपुढे सरकवली आणि आपण दारात जाऊन पाठमोरा बसला.

“दोन घास तरी खा.”

“…”

“दिवाळी सरली की डाक्तरनं परत बोलावलंय. विजेचा शेक द्यायचाय. जायाचं नव्हं?”

“…”

निजामाच्या रेल्वेने तो बायकोला हैदराबादला घेऊन गेला होता. डॉक्टरने डावी छाती कापली, आजाराचं नाव कॅन्सर सांगितलं. वेळेवर आलात, म्हणाला. शेक चुकवला नाही तर बाई जगेल. परत आली तेव्हा बायनाबाई हसत होती, बोलत होती. मग एका सकाळी डोळे उघडले, आढ्याकडे बघत राहिली, आणि भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. दंडातल्या वाक्या पुतणीला देऊन टाकल्या.

कुणी म्हणालं, बाहेरचं झालंय. अंगारा लावला.

वाटी तशीच.

लिंबू उतरवलं.

वाटी तशीच.

दुपारी राणीसावरगावाहून आश्रुबाची थोरली बहीण कासाबाई आली. भावजयीला हाक मारायला तोंड उघडलं, तशीच उंबऱ्यात थबकली. नजर वर.

“आश्रुबा, ही टकळी कुणी खोचली आढ्याला?”

“मीच. डावा हात उचलायचा न्हाई म्हनलाय डाक्तर. ही तर टकळी दिसली की सूत काढायला बसायची. निजल्यावर गुपचूप वर ठिवली.”

“आरं येड्या! मेलेल्या बाईची टकळी खोचत्यात तिथं. आईची आमी मातीहून आल्या आल्या खोचली व्हती.”

“मला काय ठाऊक? मी मेंढरांमागं व्हतो.”

“जल्मभर मेंढरांमागंच ऱ्हा! जित्या बायकूला मातीत घातलीस की रं.”

भिंतीकडचं तोंड वळलं.

“तुमी खोचली?”

टाचा उंचावून आश्रुबाने टकळी काढली, तिला लागलेली जाळी धोतराच्या सोग्याने पुसली, बायकोच्या पुढ्यात ठेवली. ती उठून बसली. मग लोकरीचा पेळू त्यानेच हातात धरला. ती उजव्या हाताने टकळी फिरवू लागली, तो लोकर सोडत गेला. सूत कुठे सुतळीएवढं जाड, कुठे पार तुटलेलं.

“ह्याची काय घोंगडी व्हायची,” बायनाबाई म्हणाली. “दावं करा, बकऱ्याला बांधायला.”

कासाबाई तोंडाला पदर लावून हसली. आश्रुबा मान खाली घालून पेळू नीट धरायला लागला.

सांजेला मेंढरं आली. वाटीतली भाकर संपली होती. बायनाबाईने टकळी उशाशी घेतली.

“पेळू जास्तीचे करून ठिवा,” ती म्हणाली. “गाडीत लय येळ रिकामं बसावं लागतंय.”