आखातीजेचा मसाला

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आजकालची मुलं मला पाहून भलतेच तर्क करतात. एकाने मला तोफेचा तुटका तुकडा ठरवलं, दुसऱ्याने फुलदाणी, आणि एका मुलीने तर माझ्यात तोंड घालून "कोई है?" असं विचारलं. मला राग येत नाही, कारण मी स्वतःच मोठा चौकस आहे. जन्मभर एका जागी बसणाऱ्याला चौकशा करण्यावाचून दुसरा उद्योग तरी काय असतो?

माझा जन्म इंदूरच्या एका भट्टीत झाला. रसरशीत लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर कानशीने घासलं आणि मला दुकानाच्या पायरीवर मांडलं. तिथे मला जयसिंगरावांनी पाहिलं. त्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत होते. जयसिंगराव स्वतः कचेरीत कारकून होते, पण पारखण्याची सवय रक्तात होती. घोडा घेताना दात पाहावेत, तसे त्यांनी माझ्यात दोन ठोके मारून पाहिले.

"भिया, आवाज पक्का आहे. हाच द्या," ते दुकानदाराला म्हणाले, आणि मी टांग्यात बसून छत्रीबागेतल्या त्यांच्या घरी आलो.

तेव्हा मध्यप्रदेश नुकताच झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून जयसिंगराव रोज सकाळी चहाबरोबर संतापत. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणत, "राजधानी जाऊ दे हो, मसाला तर इंदूरलाच राहिला ना!" हा मसाला म्हणजे काय, याची मला पहिल्या दिवसापासून उत्सुकता होती.

चैत्रात पोतंभर लाल कांदा यायचा. द्वारकाबाई तो पातळ उभा चिरून गच्चीवर जुन्या लुगड्याखाली वाळवायच्या. खडखडीत वाळला की लोखंडी तव्यावर मंद आचेने गुलाबी भाजायचा आणि मग माझ्यात कुटायचा. ती पूड कापडातून गाळली की अशी हलकी व्हायची, की फुंकर मारली तर शेजारी जाईल. तिच्यात वाळवलेला लसूण, मिरची, धणे, बडीशेप आणि काळं मीठ पडलं की चोळायचा मसाला तयार. मटणाला चोळून ठेवा, वांग्यात भरा, तळलेल्या गराडूच्या कंदावर भुरभुरवा, भाजलेल्या भुट्ट्यावर लिंबाच्या फोडीने घासा. घाईच्या वेळी कांदा चिरत बसायला नको. चमचाभर पूड फोडणीत टाकली की झालं.

तो मसाला विकायचा नसे. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लहान लहान बरण्यांत भरून, तोंडाला फडकं बांधून तो आप्तांकडे आणि शेजारी भेट म्हणून जायचा. मी कधीच उंबरा ओलांडला नाही, पण बरण्या परत आल्या की मला गाव कळायचं. रिकामं भांडं परत करू नये, ही रीत. कोणी त्यात गूळ घालून पाठवायचं, कोणी तुरीची डाळ, तर खजरान्याच्या अंबिकाबाई गणपतीच्या प्रसादाचे लाडू. मागोमाग निरोप असायचाच, "अजून थोडा आहे का हो?" हा निरोप आला की द्वारकाबाई पदर सावरून उगाच माझ्यावरून हात फिरवायच्या.

त्यांचं नाक फार तिखट. गल्लीत कोणाची डाळ लागली, हे त्या अंथरुणातून सांगत. बायका हसून म्हणत, द्वारकाबाई नाकाने कांदे सोलतात. त्यात टोमणा होता, पण कौतुकही होतं.

मग एका माघात त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला आणि घरात काहीतरी बदललं. काय, ते मला कळेना. चुलीवर दूध करपलं तरी द्वारकाबाई शेजारीच शांत बसलेल्या. सरला, म्हणजे त्यांची सून, देवासहून आदल्या वर्षीच लग्न होऊन आलेली. तिला त्या सारख्या हाक मारायच्या, "सूनबाई, बघ गं, झालं का?" सरलाला वाटायचं, सासूबाई शिकवताहेत. मलाही तसंच वाटलं.

त्या वर्षी कांदा तव्यावर बराच वेळ राहिला. तो माझ्यात पडला तेव्हा मला दचकायला झालं. नेहमीचा गुलाबी कांदा बत्त्याखाली कुरकुरत फुटतो. हा नुसता भुसभुशीत राख झाल्यासारखा बसला.

सरला हळूच म्हणाली, "आईसाहेब, जरा जास्तच काळा नाही का झाला?"

"तू मला शिकवशील?" द्वारकाबाई फटकन बोलल्या. बरण्या भरल्या, फडकी बांधली आणि आखातीजेला सगळीकडे गेल्या.

बरण्या परत आल्या, रीतीप्रमाणे भरूनच आल्या. पण अजून मसाला मागणारा निरोप एकही आला नाही. द्वारकाबाई दाराकडे बघत बसायच्या आणि कोणाची चाहूल लागली की मुद्दाम माझ्यात काहीतरी कुटत बसायच्या. मला त्यांची फार दया यायची.

अशात एक दिवस शेजारच्या अरुंधतीबाई आल्या. त्यांचे यजमान श्रीपादराव शाळेत मास्तर. सबंध वैशाख ही मंडळी पुण्याला होती, त्यामुळे त्यांची बरणी द्यायची राहून गेली होती. फाल्गुनात द्वारकाबाईंनी त्यांना पितळेच्या वाटीतून पापडाच्या लाट्या दिल्या होत्या. ती वाटी परत करायला त्या आल्या होत्या.

"रिकामी कशी आणू? काल खजरान्याला गेले होते. अंबिकाबाईंनी पुडीभर मसाला दिला, म्हणाल्या आमच्याकडे बहोत झालाय. म्हटलं, तुमच्याहून मोठं पारखी कोण? सांगा बरं कसा आहे."

त्यांनी वाटीवरचं झाकण काढलं. मी बघितलं आणि माझं लोखंडी काळीज धडधडलं. तो आमचाच मसाला होता! छत्रीबागेतून खजरान्याला गेलेला, तिथे नकोसा झालेला आणि फिरून आपल्याच घरी आलेला. सरलाने दारातूनच तो ओळखला; करपट वास ओसरीभर पसरला होता.

द्वारकाबाईंनी वाटी नाकाशी नेली. डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला आणि मान डोलावली.

"चांगला आहे. पण कोणाच्या हातचा आहे कोण जाणे, ओवा जास्त पडलाय बाईचा."

मित्रांनो, त्या मसाल्यात ओव्याचा एक दाणाही नव्हता. त्या क्षणी मला सगळं समजलं. करपलेलं दूध, काळा कांदा, 'बघ गं, झालं का?' या सगळ्यांमागे एकच गोष्ट होती. द्वारकाबाईंना वास येतच नव्हता.

अरुंधतीबाई गोंधळल्या. "ओवा? मला तर थोडा जळका..."

"ओवाच आहे, काकू," सरला पटकन पुढे येऊन म्हणाली. "मला पण तोच वास आला." आणि तिने वाटी आत नेली.

अरुंधतीबाई गेल्यावर ती सासूजवळ खाली बसली. आवाज अगदी हळू होता.

"आईसाहेब, हा आपलाच मसाला आहे."

द्वारकाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काठावर पडलं.

"माघापासून काहीच येत नाही गं. ना मोगरा, ना कापूर, ना कांदा. वाटलं, येईल परत. कोणाला सांगू? या गल्लीत मला मसाल्यावाचून कोण ओळखतं?"

संध्याकाळी जयसिंगरावांच्या कानावर सगळं घातलं गेलं. ते विचार करून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वर्षी सूनबाई करेल. लोक विसरून जातील."

"लोक विसरतील, पण आज त्यांच्या पानात करपट पडतंय ना!" द्वारकाबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी नाही. आत्ताच."

उन्हं अजून कडक होती. पुन्हा कांदा आला, पुन्हा गच्चीवर लुगडं पसरलं. तव्याशी सरला बसली. "आता गोडसर येतोय... आता भाजल्यासारखा... बस!" असं ती सांगायची आणि द्वारकाबाई तवा उतरवायच्या. मग बत्ता हातात घेऊन त्या कान देऊन बसल्या. पहिला घाव पडला. कांदा चिवटपणे माझ्या बुडाला चिकटला आणि माझा आवाज दबला.

"थांब. आतून ओला आहे. खल बोलत नाहीये."

सरलाने चिमूट दाताखाली धरून पाहिली. खरंच ओला होता. तो पुन्हा उन्हात गेला. दुसऱ्या खेपेला मी असा खणखणीत वाजलो, की द्वारकाबाई कित्येक दिवसांनी हसल्या. "चल, नाक तुझं, कान माझे," त्या म्हणाल्या.

मसाला झाला. बरण्या घेऊन त्या स्वतः निघाल्या, सोबत सरला. घरोघरी त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "आधीचा करपला होता, तो टाकून द्या. मला वास येत नाही आता. हा सुनेच्या नाकाने केलाय." मान खाली घालून गेलेल्या त्या परत आल्या तेव्हा मान ताठ होती. काही दिवसांनी खजरान्याहून लाडू भरलेली बरणी आली आणि निरोपही. अंबिकाबाईंनी विचारलं होतं, अजून थोडा आहे का हो?

पुढे मिक्सर आला. मी दाराला टेकण म्हणून उभा राहिलो, मग कोपऱ्यात गेलो, अंगावर गंज चढला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आता सरलाबाईंचे केस पांढरे झालेत. कांदा मात्र त्या अजून भाजतात. परवा त्यांनी नातीला हाक मारली, "मंजिरी, बघ गं, झाला का?" मंजिरी मोबाईलमध्ये होती. पुन्हा हाक आली, "मंजिरी, बघ गं!" मी कोपऱ्यातून कान टवकारले. ती केवळ शिकवण होती, की आणखी काही? मला विचारता येत नाही. तोंड एवढं मोठं असून शब्द नाहीत.

म्हणून तुम्हालाच सांगतो, मित्रांनो. मला अधूनमधून तेलाचा हात लावा, ओलं ठेवू नका, एवढं माझ्यासाठी पुरे. पण घरातलं कोणी तव्याशी बसून "बघ गं, झालं का?" म्हणालं, तर हातातलं ठेवून जा. जवळ बसा, वास घ्या आणि जसा असेल तसा सांगा.